मिरजेचा तंबोरा : हुन्नर एकट्याचा, बाजार सगळ्यांचा

मिरज म्हटले की कोणाला रेल्वेचे जंक्शन आठवते, कोणाला तिथले दवाखाने आठवतात. गाणाऱ्या माणसाला मात्र मिरज म्हणजे तंबोरा. सांगली जिल्ह्यातल्या या गावात कारागिरांच्या अनेक पिढ्या सतार आणि तंबोरा घडवीत आल्या आहेत. त्यांत मोठा वाटा मुस्लिम घराण्यांचा. 2024 च्या मार्च महिन्यात मिरजेच्या सतारीला आणि मिरजेच्या तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन, म्हणजे ज्याला बाजारात जी.आय. म्हणतात ते मिळाले. अभिनंदन झाले, वर्तमानपत्रांत फोटो आले. पण या शिक्क्याचा कारागिराच्या घरखर्चाशी काय संबंध, हा प्रश्न आमच्या व्यापारी व कारागीर वाचकांना पडला असेल. त्याचे उत्तर शोधायचे तर हा धंदा इथवर कसा आला, ते आधी पाहिले पाहिजे.

तलवारीकडून तारेकडे

हे कारागीर मूळचे शिकलगार. तलवारी, भाले, खंजीर यांना धार लावणे आणि पाणी देणे हा त्यांचा पिढीजात पेशा. इंग्रजी अंमल आला, संस्थानांच्या फौजा आटल्या, आणि हत्याराची मागणी संपली. रोजी गेली, पण हातातला हुन्नर गेला नाही. मिरजेत पटवर्धनांचे संस्थान होते आणि दरबारात गाणेबजावणे होते. गवयांचे बिघडलेले साज दुरुस्त करता करता शिकलगारांनी नवे साज घडवायला घेतले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरची ही गोष्ट. फरीदसाहेब हे नाव या परंपरेचे मूळपुरुष म्हणून आजही आदराने घेतले जाते.

आमच्या मते या कहाणीतला पहिला धडा इथेच आहे. धंदा बुडाला तेव्हा या मंडळींनी कानस, पटाशी आणि नजर तीच ठेवली, फक्त माल बदलला. नवनिर्मिती हा शब्द आज मोठमोठ्या परिषदांमध्ये ऐकू येतो. शिकलगारांनी तो शब्द न ऐकता ते काम करून दाखवले.

कानाने केलेले शास्त्र

तंबोऱ्याचे सारे मर्म घोडीत असते. भोपळ्यावरच्या तबकडीवर बसवलेल्या या रुंद घोडीचा माथा कारागीर कानशीने किंचित उतरता घासतो. तार त्या उतारावर अलगद घासत कंप पावते. तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवला की स्वर खुलतो आणि एका तारेतून अनेक स्वर गुंजू लागतात. हीच जवारी. केसभर जास्त घासले गेले तर घोडी वाया जाते. मोजायला यंत्र नाही. कान हेच माप.

ही करामत विज्ञानालाही कोड्यात टाकणारी ठरली. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 साली भारतीय तंतुवाद्यांवर निबंध लिहिला. तार विशिष्ट जागी छेडली असता काही उपस्वर उमटू नयेत, असा त्या वेळचा मान्य नियम होता. तंबोरा आणि वीणेच्या घोडीमुळे तेही उपस्वर ऐकू येतात, असे रामन यांनी दाखवून दिले. पुढे 1930 साली ज्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, त्या शास्त्रज्ञाने ज्याचा अभ्यास करावा असे काम आपल्या कारागिरांनी नुसत्या कानाने साधले होते.

गवई आणि कारागीर

असे काम बंद खोलीत साधत नाही. त्याला पारखणारा माणूस जवळ लागतो. मिरजेला तो लाभला. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ (1872–1937) यांनी मिरजेला आपले घर केले. तंबोरा सुरात लावण्यात त्यांचा हात धरणारा विरळा. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी खाँसाहेबांच्या गळ्यातले स्वर मोजून श्रुतींचा अभ्यास केला आणि 1910 साली त्यावर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. क्लेमेंट्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या साथीने 22 श्रुतींच्या हार्मोनियमचा प्रयोगही झाला. गवई, सरकारी नोकर आणि वाद्य घडवणारा एका विषयावर एकत्र येतात, तेव्हा नवे काही घडते. खाँसाहेबांची कबर मिरजेत ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारात आहे आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. त्या निमित्ताने देशभरचे कलावंत गावात येतात. कारागिराला गिऱ्हाईक तर भेटतेच, शिवाय आपल्या मालातले गुणदोषही समोरासमोर कळतात.

गिऱ्हाइकाचे ऐकले म्हणूनच साज बदलत गेला. पुरुषांचा स्वर साधारण काळी एकच्या आसपास, तर स्त्रियांचा काळी चारकडे. स्त्रिया मैफलींत गाऊ लागल्या तशी आखूड तंबोऱ्यांची गरज वाढली. कोणाला जवारी खुली हवी, कोणाला बंद. सांबराच्या शिंगाची घोडी आणि हस्तिदंताची सजावट वन्यजीव कायद्याने बंद झाली, तेव्हा हाड, शिसवी लाकूड आणि प्लॅस्टिकच्या जातीचे पदार्थ वापरून पाहिले गेले.

या धंद्याची साखळीही लांब आहे. सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याच्या बाजूचा शेतकरी जाड सालीचा कडू भोपळा पिकवतो. तो महिनोन्महिने वाळवला जातो. लाकूड कर्नाटकातून येते. पुढे कोरणारा, जोडणारा, नक्षी करणारा, पॉलिश करणारा, तारा चढवणारा आणि जवारी काढणारा असे अनेक हात लागतात. यातला एक दुवा तुटला तरी साज उभा राहत नाही.

पेटी आली, मोबाईल आला

1979 साली बंगळूरचे जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. ते स्वतः बासरीवादक आणि इंजिनियर. लहानशी पेटी, बटण दाबले की सूर चालू. पुढे तोच सूर मोबाईलमध्ये आला. मोठ्या मैफलीत गायकाच्या मागे आजही खरे तंबोरे लागतात. पण शिकाऊ विद्यार्थी पूर्वी पहिला तंबोरा घ्यायचा, तो आता मोबाईलवर भागवतो. ही विक्री गेली ती गेलीच.

मग मिरजेने काय केले? भोपळ्याशिवायचा, चपट्या लाकडी पेटीचा, प्रवासात नेता येईल असा तंबोरा बनवला. विमानाने परदेशी जाणाऱ्या कलावंताची अडचण ओळखून केलेला हा माल आहे. कोणी पिळाच्या खुंट्यांऐवजी गिटारसारखी चावी बसवली. जुन्या जाणकारांनी नाके मुरडली असतील, पण आम्हाला यात शिकलगारांचीच अक्कल दिसते. यंत्राशी भांडण करून पोट भरत नाही. यंत्राला जे जमत नाही ते आपण करावे आणि गिऱ्हाइकाला जे नेता येत नाही ते नेण्याजोगे करावे.

शिक्का कोणासाठी?

आता मानांकनाकडे वळू. दुसरीकडे तयार झालेला माल ‘मिरजेचा’ म्हणून खपवला जातो, अशी इथल्या कारागिरांची तक्रार होती. म्हणून 2021 साली अर्ज झाला. सतारीसाठी मिरज म्युझिकल इन्स्ट्रुमेंट्स क्लस्टर आणि तंबोऱ्यासाठी सोलट्यून ही उत्पादकांची संस्था पुढे आली. एकेकट्या दुकानदाराला हे झेपले नसते, कारण कायद्याप्रमाणे अर्ज उत्पादकांच्या संघटनेनेच किंवा अधिकृत संस्थेनेच करायचा असतो. शेजाऱ्याला प्रतिस्पर्धी समजणारे कारागीर एका कागदावर सह्या करतात, ही साधी गोष्ट नाही.

परंतु वाचकांनी तीन बाबी ध्यानात ठेवाव्यात. एक, नोंदणी संस्थेच्या नावावर असते. प्रत्येक कारागिराला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून आपले नाव वेगळे नोंदवावे लागते. नाव नसेल तर कायद्याचा हक्काचा आधार नाही. दोन, नोंदणी अर्जाच्या तारखेपासून 10 वर्षांची असते, पुढे नूतनीकरण करावे लागते. तीन, नकली माल पकडायला सरकार आपण होऊन दारोदार फिरत नाही. तक्रार संघटनेलाच करावी लागते आणि त्यासाठी संघटना जिवंत असावी लागते.

मिरजेच्या शेजारी कोल्हापूर आहे. कोल्हापुरी चपलेला 2019 साली मानांकन मिळाले. जून 2025 मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच धाटणीची चप्पल मांडली, ती कोल्हापूरचे नाव न घेता. ओरड झाल्यावर कंपनीने या चपलेमागची प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचे मान्य केले. आवाज एकजुटीने उठला म्हणून ऐकला गेला.

आमचे सांगणे

मिरजेपुढचा खरा प्रश्न शिक्क्यापेक्षा मोठा आहे. जवारी काढणारा हात तयार व्हायला वर्षे लागतात, आणि तरुण मुलाला दरम्यान कमाई हवी असते. वडील कारखान्यात आणि मुलगा दुसऱ्या गावी नोकरीत, असे झाले तर मानांकनाचा कागद भिंतीवर राहील आणि हुन्नर कबरीत जाईल.

म्हणून आमचे सांगणे असे. आपल्या प्रत्येक वाद्यावर कारागिराने स्वतःचे नाव आणि साल घालावे. माल दुकानदारामार्फत विकला तरी घडवणाऱ्याचे नाव गिऱ्हाइकापर्यंत पोचावे. शिकाऊ मुलाला पहिल्या महिन्यापासून काही ना काही मोबदला द्यावा. घरातल्या शिकलेल्या मुलामुलींकडे पत्रव्यवहार, परदेशी विक्री आणि हिशेबाचे काम सोपवावे. तोही याच धंद्याचा भाग आहे. लाकूड, भोपळे आणि तारा एकत्र खरेदी कराव्यात म्हणजे भाव नीट मिळतो. आणि वर्षातून एकदा तरी गवई, वाद्यविक्रेते व इंजिनियर यांना गावात बोलावून ‘तुम्हाला काय हवे?’ असे विचारावे.

हे फक्त मिरजेपुरते नाही. मालेगावचा मागवाला, भिवंडीचा कारखानदार, पैठणीवर बसणारा विणकर, सगळ्यांची गत थोड्याफार फरकाने हीच आहे. तंबोऱ्याला चार तारा असतात. प्रत्येकीचा ताण वेगळा, तरी एकमेकींशी जुळवून लावल्याशिवाय त्यातून सूर निघत नाही. धंद्याची रीतही तीच आहे.