धरण भरले की पक्षी वाढतात?

वर्ध्यात पक्षी बघायचे म्हटले की लोक बोरचा रस्ता धरतात. 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला तेव्हा सुमारे 138 चौरस किलोमीटरचे बोर हे देशातले सर्वांत लहान व्याघ्र राखीव क्षेत्र होते. वाघासाठी तिथे जरूर जावे. पण पक्ष्यांसाठी जंगलच गाठायला हवे, ही समजूत चुकीची आहे. पवनारला धाम नदीच्या काठावर सकाळी उभे राहायला ना जिप्सी लागते ना गाइड.

दुसरी समजूत जास्त हट्टी: पाणी जितके जास्त, तितके पक्षी जास्त. काठोकाठ भरलेला जलाशय शेतकऱ्याला सुखावतो, पण चिखलात चरणाऱ्या पक्ष्याला तिथे पाय टेकायला जागा नसते. तुतारी ओल्या चिखलात चोच खुपसून किडे काढते. शेकाट्याचे पाय एवढे लांब, तरी तोही उथळ पाण्यातच फिरतो. थापट्या बदक चपट्या चोचीने वरवरचे पाणी गाळते. खोल पाणी मानवते ते बुडी मारून मासे धरणाऱ्या पाणकावळ्याला. म्हणून रब्बीच्या पाळ्या सुटून पाणी मागे सरते, काठ उघडा पडतो, तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीत बघायला जावे. काठाला सिमेंटच्या पायऱ्या बांधून केलेले सुशोभीकरण माणसांना बसायला छान, पण त्याखाली तुतारीचे ताट गाडले जाते.

उन्हाळ्यात वर्धा नदीच्या पात्रातली रेती मोकळी, निरुपयोगी वाटते. प्रत्यक्षात नदी सुरय तिथेच वीण घालते. काडी नाही, गवत नाही. रेतीत नुसता खळगा आणि त्यात रेतीच्याच रंगाची ठिपकेदार अंडी. ट्रॅक्टरच्या चालकाला ती दिसत नाहीत, कॅमेरा घेऊन फिरणाऱ्यालाही नाही. रेतीउपसा, भटकी कुत्री, धरणातून अचानक सोडलेले पाणी, सगळे याच पट्ट्यावर येऊन आदळते. हा पक्षी आज जागतिक लाल यादीत ‘असुरक्षित’ गटात आहे. डोक्यावर सुरय ओरडत झेपावू लागले तर ते खेळत नसतात. तुम्ही त्यांच्या वसाहतीत शिरलेले असता. अशा वेळी आल्या पावली, जपून मागे फिरावे. मे महिन्यात इथे पारा 45 अंशांवर जातो. पालक उडालेले राहिले तर उघडी अंडी उन्हात भाजून निघतात. फोटोसाठी रेंगाळणे मला म्हणूनच अक्षम्य वाटते.

जमिनीवरच अंडी घालणारी टिटवी मात्र आपण थेट हवामान खात्यात बसवली आहे. अंडी उंचावर दिसली तर पाऊस जोरात, आणि जितकी अंडी तितके महिने पाऊस! टिटवी साधारणपणे चार अंडी घालते. पावसाळाही चार महिन्यांचा, त्यामुळे भाकीत दरसाल खरेच ठरायचे. जागा ती निवडते त्या वेळी जमीन कोरडी आहे का, आजूबाजूचे नीट दिसते का, हे पाहून. पुढचा पाऊस तिला ठाऊक नसतो.

हिवाळ्यात वर्तमानपत्रांत ‘सायबेरियन पाहुणे’ उतरतात. त्यांतले काही खरेच तिकडचे. पण विदर्भातल्या तलावांवर येणारे पट्टकादंब मंगोलिया, तिबेट या भागांत वीण घालतात आणि हिमालय ओलांडून येतात. 7,000 मीटरहून अधिक उंचीवरून उडताना त्यांची नोंद झाली आहे. टिबुकली, हळदीकुंकू बदक हे तर पाहुणे नाहीतच, ते इथलेच रहिवासी.

राहिला हरियाल, महाराष्ट्राचा राज्यपक्षी. तो जमिनीवर पाय ठेवत नाही म्हणतात. फळे खाऊन जगणारा असल्याने तो बहुतेक वेळ झाडावरच असतो, एवढे खरे. पाणी प्यायला मात्र खाली उतरतो. पानांच्या रंगात तो असा मिसळतो की बसलेला थवा उडाल्यावरच कळतो. नदीकाठचा पिकलेला उंबर किंवा वड गाठा आणि फळे कुठून टपटपतात तिकडे दुर्बीण लावा.