भोकाभोवतीचं हिरवं कडं



आमची ही पोस्टडॉक, मी जावावाला. हिच्या लॅबशी माझा संबंध आजवर फक्त पार्किंग लॉटपुरता. पण मागच्या हिवाळ्यात ही म्हणाली, "अरे, एवढे ठिपके मोजायला एखादा प्रोग्रॅम लिहून दे ना, डोळे गेले माझे." म्हटलं, ठिपकेच ना? एका वीकेंडचं काम!

ठिपके म्हणजे उंदरांच्या यकृतातले चरबीचे थेंब. पेशीत चरबी साठते ती अशा थेंबांत, आणि थेंबाच्या पृष्ठभागावर पेरिलिपिन नावाची प्रथिनं बसलेली असतात. पहिलं पेरिलिपिन १९९१ साली अमेरिकेत, एनआयएचमधल्या कॉन्स्टंटाइन लोंडोस यांच्या गटाने जगापुढे आणलं. आता अशी पाच धरतात. फॅटी लिव्हरमध्ये वाढतं ते पेरिलिपिन-२.

आता गंमत बघा. यकृताचा तुकडा मेणात बसवायचा तर आधी अल्कोहोल आणि झायलीनमधून काढावा लागतो. त्यात चरबी विरघळून जाते! उरतात नुसती भोकं. म्हणजे जे मोजायचं तेच गायब. प्रथिन मात्र बरंचसं भोकाच्या काठाला टिकून राहतं, म्हणून त्याला पकडायचं. सशात तयार केलेली अँटिबॉडी पेरिलिपिनला चिकटते. मग सशाची अँटिबॉडी ओळखणारी बकरीची दुसरी अँटिबॉडी घालायची, जिला चमकणारा रंग जोडलेला असतो. आपल्या भाषेत पहिली सर्च करते, दुसरी हायलाइट. अँटिबॉडीला चमकता रंग जोडायची युक्ती हार्वर्डच्या अल्बर्ट कून्स यांची, १९४१ सालची. मायक्रोस्कोपखाली काळ्या भोकाभोवती हिरवं कडं दिसतं. खरंच सुंदर दिसतं हो!

प्रोग्रॅम झकास चालला. म्हाताऱ्या उंदरांत तरुणांपेक्षा भरपूर जास्त थेंब निघाले. ही खूश, बॉस खूश, पोस्टर छापायला जाणार. तेवढ्यात मला, टेस्टिंगची खोड म्हणून, कंट्रोलची स्लाइड चालवून बघायची बुद्धी झाली. तिच्यावर पहिली अँटिबॉडी घातलेलीच नव्हती, त्यामुळे उत्तर शून्याच्या आसपास यायला हवं. म्हाताऱ्या उंदराच्या स्लाइडवर आले चारशेच्या वर थेंब!

आधी वाटलं माझाच बग. तसा तो होताच म्हणा. म्हाताऱ्या पेशींत लिपोफ्युसिन नावाचा पिवळट-तपकिरी कचरा साठतो, आणि तो कुठलाही रंग न लावता आपोआप चमकतो. प्रोग्रॅमला काय, चमकलं की मोजलं. कंट्रोल केलेला होता, पण डब्यातून काढून मोजला कोणीच नव्हता.

तीन आठवड्यांचे आकडे कचऱ्यात. ही दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, जणू मीच तो कचरा उंदरांत भरला होता. मग दोघांनी बसून नियम बदलले. लिपोफ्युसिन हिरव्याबरोबर लाल फिल्टरमधूनही दिसतं, म्हणून दोन्हीकडे दिसेल ते बाद. मध्ये काळं भोक नसेल तेही बाद. कंट्रोल आधी, बाकी नंतर.

फरक निम्म्याहून कमी उरला, पण उरला. पोस्टरचं शीर्षक मवाळ झालं.

आणि हो, गेल्या महिन्यात माझ्या सोनोग्राफीत "माइल्ड फॅटी लिव्हर" आलंय. तेव्हापासून ही माझ्या ताटातलं तूप मोजते. त्याला प्रोग्रॅम लागत नाही.