मूत्रपिंड, आम्लता आणि परावटु ग्रंथी

मानेत थायरॉईड ग्रंथीच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार, परावटु ग्रंथी असतात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ मध्ये मरण पावलेल्या भारतीय गेंड्याचे विच्छेदन करताना त्या रिचर्ड ओवेन यांच्या दृष्टीस पडल्या. मानवी शरीरातील या ग्रंथींचे वर्णन स्वीडनमधील ईव्हार सँडस्ट्रॉम यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केले.

रक्तातील कॅल्शियमची पातळी राखणे हे या ग्रंथींचे कार्य होय. कॅल्शियम घटताच त्या संप्रेरक स्रवतात. त्यामुळे हाडांतून कॅल्शियम रक्तात येते व मूत्रावाटे होणारा त्याचा ऱ्हास थांबतो. पातळी सावरली की स्राव मंदावतो.

मूत्रपिंडे दुर्बळ झाली म्हणजे हा क्रम बिघडतो. फॉस्फेट साचते, ‘ड’ जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप पुरेसे तयार होत नाही, कॅल्शियम घटते आणि ग्रंथी अखंड कार्यरत राहून आकाराने वाढतात. याला दुय्यम परावटु-अतिक्रिया म्हणतात. या प्रक्रियेस हातभार लावणारे आणखी एक कारण म्हणजे हायड्रोजन.

एक लिटर रक्तद्रवात सोडियमचे आयन हायड्रोजनच्या आयनांपेक्षा सुमारे ३५ लाख पट अधिक असतात; तरीही या अत्यल्प हायड्रोजनवरच रक्ताची आम्लता ठरते. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या मर्यादेत राहावा लागतो. प्रथिनयुक्त आहारातून रोज निर्माण होणारे आम्ल मूत्रपिंडे मुख्यतः अमोनियमच्या रूपाने बाहेर टाकतात. हे कार्य मंदावले की आम्ल साचते आणि ते शमविण्यासाठी हाडांतील क्षार खर्ची पडतात.

आम्लतेचा परिणाम प्रत्यक्ष ग्रंथींवरही होतो. डायलिसिसवरील रुग्णांची आम्लता दुरुस्त केल्यावर त्यांच्या परावटु ग्रंथी कॅल्शियमला अधिक संवेदनशील झाल्याचे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात आढळले. या ग्रंथींच्या पेशींवर कॅल्शियमची पातळी ओळखणारा ग्राहक असतो; त्याचा शोध १९९३ मध्ये लागला. आम्लता वाढल्यास हा ग्राहक मंदावतो व संप्रेरकाचा स्राव वाढतो, असे २०१५ मधील प्रयोगांनी दाखविले. म्हणजेच कॅल्शियम पुरेसे असूनही ग्रंथीला ते अपुरे भासते.

या संशोधनाचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. मूत्रपिंडाचा विकार दीर्घकाळ लक्षणांवाचून वाढतो आणि हाडे दुखू लागेपर्यंत बरीच हानी झालेली असू शकते. मधुमेह वा उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी क्रिएटिनिनची व लघवीतील प्रथिनांची तपासणी नियमित करून घ्यावी. विकार आढळल्यास बायकार्बोनेट, कॅल्शियम, फॉस्फेट आणि परावटु संप्रेरक यांच्या चाचण्यांविषयी डॉक्टरांना विचारावे. बायकार्बोनेट कमी असल्यास डॉक्टर सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या देतात व आहारात फेरबदल सुचवितात. मात्र स्वयंपाकघरातील सोडा स्वतःच्या मनाने घेऊ नये. त्यातील सोडियममुळे सूज व रक्तदाब वाढण्याचा धोका असतो. वेळीच केलेली साधी रक्ततपासणी हाडांची पुढील झीज रोखण्यास साहाय्यभूत ठरते.