कागदावरचा साग, ट्रकमधला साग

मार्च 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून सुमारे 1,800 घनफूट साग रवाना झाला. शोभायात्रेच्या बातम्या भरपूर आल्या, पण वजन किती? एका घनमीटरात 35.3 घनफूट, म्हणजे माल 51 घनमीटर. चिरलेला, वाळलेला साग घनमीटरला साधारण 650 किलो भरतो. गुणलं की झाले 33 टन.

गोल लाकडाला मात्र हा सरळ हिशेब लागू पडत नाही. लाकूड मोजायची आपल्याकडची जुनी रीत अशी, की ओंडक्याच्या मध्यावर टेप गुंडाळून गोलाई घ्यायची, तिच्या चौथाईचा वर्ग करायचा आणि लांबीनं गुणायचं. गोलाई 120 सेंटीमीटर, लांबी 3 मीटर असेल, तर 0.3 गुणिले 0.3 गुणिले 3, म्हणजे 0.27 घनमीटर. एडवर्ड हॉपस या इंग्रज मोजणीदाराच्या 1736 च्या कोष्टकांतून रुळलेलं हे सूत्र. त्यात गोलाईच्या वर्गाला 16 नं भागलं जातं. वर्तुळाचं खरं क्षेत्रफळ हवं तर 12.57 नं भागायला हवं. म्हणून कागदावर लाकूड साडेएकवीस टक्के कमी दिसतं. यात लबाडी नाही. ओंडका चौरस करताना जाणारी फळकूटं आधीच वजा धरलेली असतात, आणि घेणाऱ्याला ते सोयीचंच. पण ती फळकूटं ट्रकमधून जातातच! आपल्या ओंडक्याचं खरं घनफळ 0.34 घनमीटर आहे.

दुसरा घोळ पाण्याचा. नुकत्या तोडलेल्या सागात इतकं पाणी असतं, की त्याची घनता पाण्याच्या जवळ जाते. तो नीट तरंगतही नाही. म्हणूनच ब्रह्मदेशात बुंध्याची साल आणि बाहेरचं लाकूड गोल कापून झाड उभ्याउभ्या दोन-तीन वर्षं वाळवत आणि मगच ओंडके इरावतीत सोडत.

दोन्ही चुका एकत्र आल्या, की कागदावर 175 किलोंचा ओंडका काट्यावर 340 च्या घरात जातो. दहा टनी गाडीत 57 नग बसतील असं वाटतं, तिथे 29 वरच थांबावं लागतं. ऐनाच्या झाडाचं लाकूड तर सागाहून जड, त्याचे नग आणखी कमी.

घनता कळायला प्रयोगशाळा लागत नाही. ओंडक्यातून 20 सेंटीमीटरची एकसारखी, सरळ काडी काढा आणि पाण्यानं भरलेल्या अरुंद नळीत उभी सोडा. 13 सेंटीमीटर बुडाली तर घनता 650, 19 बुडाली तर 950. हे लगेच बघायचं, कारण काडी पाणी पीत राहते.