घोड्याचा सांधा आतून बघताना

तापीकाठी सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा पारखताना गिऱ्हाईक अंगावरचे केसांचे भोवरे बघतं, त्यातला शुभ मानलेला देवमण बघतं, मग रवाल चालीवर एक फेरी मारायला सांगतं. सांध्याचं दुखणं मात्र या परीक्षेत सहज निसटतं. रवाल चालीत पाठ आणि मान फारशी हलत नाही, त्यामुळे बारीक लंगडणं झाकून जातं. म्हणून पशुवैद्य घोड्याला कडक जमिनीवर सरळ रेषेत दुडकी धाववतो आणि नजर मानेवर ठेवतो. दुखरा पुढचा पाय टेकताना घोडा डोकं वर उचलतो, चांगला पाय टेकताना खाली सोडतो. नवखा माणूस इथे हमखास फसतो. मान पडते तोच पाय दुखरा, असं त्याला वाटतं.

घोडा प्रत्येक पायाच्या मधल्या एका बोटावर उभा असतो. पुढच्या पायाचा ‘गुडघा’ म्हणजे आपलं मनगट. त्याच्याही खाली, मागे केसांचा झुपका असलेला सांधा म्हणजे आपल्या बोटाच्या मुळाशी असतो तो. रेसकोर्सवर त्याला फेटलॉक म्हणतात. साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर भरधाव सुटलं की काही क्षण सगळा भार एकाच पायावर येतो आणि फेटलॉक मागून जवळजवळ जमिनीला टेकतो.

पाय कळला तरी जागा कळलेली नसते. एकदम एक्स-रे काढायची घाई मला चुकीची वाटते. आधी खुराजवळच्या नसा बधिर करायच्या, थोडं थांबून पुन्हा धाववायचं, लंगडणं तसंच राहिलं तर एक पायरी वर सरकायचं. फेटलॉक बधिर केल्यावर घोडा नीट धावू लागला, तर दुखणं तिथे आहे. हे केलं नाही, तर चित्रात सापडलेला एखादा जुना निरुपद्रवी दोषच गुन्हेगार ठरतो. जातिवंत शिंगरांच्या सांध्यांत वाढीच्या वयातच सुटलेले हाडाचे तुकडे कैकदा आढळतात आणि ती मुळीच लंगडत नसतात.

आता एक्स-रे. हलकं गुंगीचं इंजेक्शन, शिशाचे एप्रन, आणि एक्स-रेची पाटी लांब दांड्याच्या पकडीत, म्हणजे कुणाचा हात किरणांत येत नाही. फेटलॉकची किमान चार चित्रं घेतात: एक समोरून, एक बाजूने, दोन तिरकी. पहिल्या बोट-हाडाची वरची पुढची कड नीट न्याहाळायची. तिथेच तुरीच्या डाळीएवढा टवका उडालेला असतो, आणि तो कधी कधी एकाच तिरक्या चित्रात दिसतो. कडेला फुटलेले हाडाचे कोंब, कूर्चेखाली, म्हणजे हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत आवरणाखाली, दाट पांढरं झालेलं हाड, या जुन्या झिजेच्या खुणा.

पण झिजते ती कूर्चा, आणि एक्स-रेत ती दिसतच नाही. दोन हाडांमधली काळी फट अरुंद झाली की कूर्चा गेली, असा अंदाज बांधायचा. तोही घोडा पायावर पुरता भार देऊन उभा असेल तरच. दुखरा पाय तो अलगद टेकवून उभा राहिला, तर फट रुंद दिसते आणि आपण फसतो.

सोनोग्राफीत अस्थिबंध, साचलेलं पाणी, सुजलेलं अस्तर आणि कूर्चेचा काही भाग दिसतो. केस भादरून, जेल लावून गोठ्यातही ती होते. एमआरआयसाठी आता घोड्याला आडवं पाडावं लागतंच असं नाही. उभ्या घोड्याचा खूर उघड्या चुंबकात ठेवून हाडाच्या आतली सूज टिपता येते. फक्त तो स्थिर उभा राहिला पाहिजे.

कॅलिफोर्नियातल्या सांता अनिता रेसकोर्सवर 2019 मध्ये एकामागून एक घोडे दगावले. त्याच वर्षाअखेरीस तिथे उभ्या घोड्यांसाठी पेट स्कॅनर बसवला गेला. किरणोत्सर्गी सोडियम फ्लोराइड शिरेतून देतात. हाड जिथे ताणाखाली स्वतःची डागडुजी करत असतं, तिथे ते गोळा होतं आणि चित्रात ठिपका चमकतो. फेटलॉकच्या मागच्या दोन छोट्या हाडांत, म्हणजे जिथून मोठी मोडतोड सुरू होते तिथेच, एक्स-रे निर्मळ असतानाही हा ठिपका सापडू शकतो. यंत्राचं कडं उघडतं, घोडा बिथरला तर पाय काढून बाजूला होऊ शकतो. ठिपका दिसला की घोड्याला विश्रांती देतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन काढून तो विझला का, ते बघतात.