आहेराची वही

जपानमध्ये अंत्यविधीस जाणारा मनुष्य खास पाकिटातून रोख रक्कम देतो. घरची मंडळी तिची नोंद ठेवतात आणि साधारणतः निम्म्या किमतीची भेटवस्तू परत पाठवितात. इंडोनेशियातील तोराजा समाजात अंत्यविधीसाठी आणलेल्या म्हशीची परतफेड पुढची पिढीही करते. आपल्याकडील आहेराची वही याच जातीची. धर्म निराळे, हिशेब एकच : एका घरावर आलेल्या प्रसंगाचा भार अनेकांनी उचलावयाचा.

हल्ली पुष्कळ निमंत्रणपत्रिकांवर 'कृपया आहेर आणू नये' असे छापलेले असते. सधन घराला हे औदार्य परवडते. परंतु त्याचे अनुकरण करून लहान शेतकऱ्याने आहेर नाकारला आणि मांडव व जेवणावळी तशाच ठेवल्या, तर सोयऱ्यांच्या वहीऐवजी सावकाराची वही उघडावी लागते. सुधारणा करावयाची, तर प्रथम थाट आवरावा. आहेराचे मग पाहता येईल.