घरातले प्रथमोपचार – लेखांक ६ : चटका बसल्यावर

स्वयंपाकघरात भाजण्याची कारणे ठरलेली असतात : तव्याची कड, कुकरची वाफ, फोडणीचे तेल, उकळता चहा. त्वचेवर मात्र या प्रत्येकाचा परिणाम वेगळा होतो. तव्याला लागलेले बोट क्षणात मागे येते, म्हणून तो चटका बहुधा वरवरचा राहतो. तळणीच्या तेलाचे तापमान १७० ते १९० अंश सेल्सिअसपर्यंत असते, आणि पुरी सोडताना मनगटावर उडालेला थेंब ओघळून जात नाही, तिथेच चिकटून बसतो. वाफ दिसायला सौम्य, पण फसवी. त्वचेवर पडून तिचे पाणी होते तेव्हा ती दर ग्रॅममागे सुमारे ५४० कॅलरी उष्णता सोडते, म्हणून उकळत्या पाण्यापेक्षा तेवढीच वाफ जास्त भाजते. साखरेचा पाक उकळत्या पाण्याहून गरम असतो आणि झटकून टाकता येत नाही.

तवा दूर झाला तरी भाजणे थांबत नाही. त्वचेत शिरलेली उष्णता आतल्या थरांकडे जात राहते. डग्लस जॅक्सन या ब्रिटिश शल्यचिकित्सकाने १९५३ मध्ये भाजलेल्या जागेचे तीन पट्टे वर्णन केले. अगदी आतला, केंद्रातला पट्टा मेलेला असतो, तो परत येत नाही. अगदी बाहेरचा लाल पट्टा आपोआप बरा होतो. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात रक्तप्रवाह मंदावलेला असतो. पुढचे एकदोन दिवस त्या पेशी कशा सांभाळल्या जातात यावर त्या जगतात किंवा मरतात. घरच्या उपचाराने वाचवायचा असतो तो हा मधला पट्टा.

त्याला वाचवणारी वस्तू स्वयंपाकघरात असते आणि ती फुकट मिळते. भाजलेल्या जागेवर वाहते गार पाणी सलग २० मिनिटे सोडावे. पहिली काही मिनिटे चुकली तरी भाजल्यापासून तीन तासांच्या आत हा उपाय उपयोगी पडतो. वीस मिनिटे हा काळ घरात फार मोठा वाटतो. दोन मिनिटांत ठणका कमी झाला की हात बाहेर काढला जातो आणि थोड्या वेळाने आग पुन्हा उसळते. म्हणून घड्याळ लावूनच बसावे. पाणी गार असावे, बर्फाचे नसावे. बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात आणि मधल्या पट्ट्याचा उरलासुरला रक्तपुरवठाही तुटतो. एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी दुपारी हात पोळेल इतके तापलेले असते. तेव्हा नळ थोडा वेळ वाहू द्यावा किंवा माठातले पाणी घ्यावे. टँकरवर जगणाऱ्या गावात नळ वीस मिनिटे सोडणे शक्यच नसते. तिथे स्वच्छ पाणी तांब्याने हातावर ओतावे, खाली पातेले ठेवावे आणि तेच पाणी पुन्हा ओतावे. ते कोमट झाले की बदलावे. तान्ह्या मुलाच्या अंगाचा मोठा भाग भाजला असेल, तर फक्त तेवढाच भाग पाण्याखाली धरून बाकीचे अंग उबदार ठेवावे, नाहीतर मूल गारठते.

पाणी ओतता ओतताच बांगड्या, अंगठी, जोडवी काढून घ्यावीत. तासाभरात सूज चढते. मग काचेची बांगडी मनगटावरच फोडावी लागते आणि अंगठी कापून काढावी लागते.

आता घराघरांत चालत आलेल्या उपायांकडे. तूप आणि खोबरेल तेल सगळ्यात जास्त वापरले जाते, आणि चुकीच्या वेळी वापरले जाते. भाजल्याभाजल्या लावलेला स्निग्ध थर उष्णता आतच कोंडतो. वर दवाखान्यात तो पुसून काढताना रुग्णाला दुसऱ्यांदा वेदना होतात. टूथपेस्टमधल्या पुदिन्याच्या अर्काने गार वाटते, पण तापमान उतरत नाही. पेस्ट वाळली की पापुद्र्यासारखी चिकटते आणि फोडासकट निघते. कणीक, मीठ, कॉफीची पूड यांचे तसेच. हळदीचा जंतुनाशक गुण खरा आहे, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते आणि तिच्या रंगाखाली जखम किती खोल आहे हे डॉक्टरांना दिसत नाही. जुन्या पिढीत दौतीतली निळी शाई लावत, तिचीही हीच अडचण होती. चुन्याची निवळी खोबरेल तेलात फेटून लावण्याची पद्धत अनेक घरांत होती. तिची जुळी बहीण स्कॉटलंडमध्ये सापडते : कॅरन येथील लोखंडाच्या कारखान्यात भाजलेल्या कामगारांना चुन्याचे पाणी व जवसाचे तेल लावत, आणि त्या मिश्रणाला ‘कॅरन तेल’ असेच नाव पडले. वेदना कमी करण्यापलीकडे त्याचा फारसा फायदा नव्हता, आणि ते मागे पडले हे बरेच झाले.

चटका बसलेले बोट विस्तवाजवळ धरून शेकण्याची रीत ऐकून नव्या पिढीला नवल वाटते, पण तिला ग्रंथाचा आधार आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात भाजण्याचे प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यक्‌दग्ध आणि अतिदग्ध असे चार प्रकार सांगितले आहेत आणि त्यांतल्या सौम्य प्लुष्टावर शेक व उष्ण औषध सांगितले आहे. भाजण्याच्या खोलीनुसार उपचार वेगळा, ही त्यातली दृष्टी आजही खरी आहे. शेकण्याचा सल्ला मात्र आज पाळू नये. आयुर्वेदातले शतधौत घृत, म्हणजे पाण्याने शंभर वेळा धुतलेले तूप, हे पांढऱ्या मलईसारखे बनलेले वेगळेच द्रव्य असते. बरणीतले साधे तूप त्याच्या नावावर खपवू नये.

स्वयंपाकघरातल्या काही वस्तूंनी रुग्णालयातही जागा मिळवली आहे, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. मुंबईतील वाडिया बालरुग्णालयातील डॉ. केसवानी आणि पाटील यांनी १९८५ मध्ये उकडलेल्या बटाट्याच्या सालीचे आवरण जखमेवर वापरल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. साली गॉजच्या पट्टीवर बसवून निर्जंतुक केल्या जात. त्या जखमेतला ओलावा टिकवत आणि बदलताना चिकटत नसत. पुढे मुंबईतच डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाचे आवरण तपासले. पानाचा मेणचट पृष्ठभाग जखमेला धरून बसत नाही, त्यामुळे पट्टी बदलणे कमी वेदनेचे होते. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ मध्ये १०४ रुग्णांवर मध आणि सिल्व्हर सल्फाडायझिन हे भाजण्यावरचे औषध यांची तुलना केली आणि मधाचा निकाल सरस आला. त्यांच्याच नंतरच्या अभ्यासात मध बटाट्याच्या सालीपेक्षाही सरस ठरला.

या अभ्यासांतून ‘कच्चा बटाटा किसून लावा’ असा निष्कर्ष काढला जातो, तो साफ चुकीचा आहे. तिथली साल उकडलेली आणि निर्जंतुक होती, ती देखरेखीखाली वापरली गेली. मातीतून आलेल्या कच्च्या बटाट्याच्या किसात जंतू असतातच. मधाबाबतही बाजारातली बाटली शुद्ध असेलच असे नाही. घरी मध लावायचाच असेल, तर तो वीस मिनिटांच्या पाण्यानंतर, न फुटलेल्या लहान जागेवर, स्वच्छ गॉजवर घेऊन. कोरफडीचा गर याच अटीवर चालतो. पान कापल्यावर आधी निघणारा पिवळा चीक पूर्ण गाळू द्यावा, त्याने त्वचा चुरचुरते.

पाण्यानंतर जागा हलकेच टिपून घ्यावी. फोड आला असेल तर फोडू नये. आतली नवी त्वचा फोडातल्या पाण्याखाली निर्जंतुक राहते. वर धुतलेले सुती कापड किंवा डबे झाकायची स्वच्छ प्लॅस्टिकची पातळ पट्टी सैल ठेवावी. कापूस नको, त्याचे तंतू अडकतात. कपडा त्वचेला चिकटला असेल तर तो ओढू नये. दुखत असेल तर पॅरासिटामॉल पुरते. धनुर्वाताची लस कधी घेतली हे आठवून पाहावे.

‘किरकोळ’ या शब्दाची एक मोजपट्टी प्रत्येकाच्या हाताशी असते. बोटांसह रुग्णाचा स्वतःचा पंजा म्हणजे त्याच्या शरीराच्या सुमारे एक टक्का. त्याहून मोठी भाजलेली जागा, चेहरा, हात, पाऊल, गुप्तांग किंवा सांध्यावरचे भाजणे, लहान मूल, वृद्ध, मधुमेही, विजेचा धक्का, यांपैकी काहीही असले तर पाणी घालून सरळ डॉक्टरांकडे जावे. रसायनांच्या भाजण्याचा विचार पुढच्या भागात आहे. जागा पांढरट, कडक आणि न दुखणारी दिसली तर फारच घाई करावी, कारण वेदना नसणे म्हणजे वेदना जाणवणाऱ्या नसाही जळाल्या आहेत. दोन आठवड्यांत न भरलेल्या जखमेकडेही लक्ष द्यावे.

जखम पूर्ण भरली, खपली गेली की नवी त्वचा गुलाबी, कोरडी आणि खाजरी असते. खोबरेल तेलाची बाटली खरी आता उघडावी. दिवसातून दोन-तीन वेळा हलक्या हाताने लावल्यास खाज कमी होते आणि त्वचा मऊ राहते. काही महिने ती जागा उन्हापासून झाकावी, नाहीतर डाग काळपट पडतो.